घोडी रुळेपर्यंत गिरणी बंद

अक्कांसमोर कुणी "लोक काय म्हणतील" असं म्हटलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "कोणते लोक? नाव सांग."

रागानं नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं. समोरचा माणूस गांगरून जायचा, कारण लोक म्हणजे नेमके कोण हे त्यालाही सांगता यायचं नाही. एकदा एका बाईनं बोलता बोलता नाव सांगून टाकलं. अक्का उठल्या, लुगड्यावरचं पीठ झटकलं आणि सरळ त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. चहा मागून घेतला. चहा संपल्यावर म्हणाल्या, "तू माझ्याबद्दल काहीतरी म्हणतोस म्हणे. आता मी समोर आहे. म्हण." तो माणूस त्यानंतर किती तरी दिवस दळण घेऊन स्वतः आला नाही, बायकोला पाठवायचा.

धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाताना एक फाटा लागतो, तिथून आत हे गाव. नाव राहू दे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गावात एकच पिठाची गिरणी होती, ती अक्कांची. आणि अक्कांच्या घरात एकच भाडेकरू होती, ती मी. जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिलीच नेमणूक. वाढले जळगावात, वडील नोकरदार, घरात कधी मांजरसुद्धा पाळलेलं नव्हतं.

मी खोली बघायला गेले तेव्हा अक्का गिरणीचा वरचा दगड उलटा करून त्याला टाकी लावत बसल्या होत्या. छिन्नी-हातोडीचा टकटक आवाज चालू होता. केस, भुवया, पापण्या, सगळं पिठानं पांढरं. मला वाटलं, सत्तरीच्या असतील. लुगड्यावर त्यांनी गेलेल्या नवऱ्याचा खाकी शर्ट चढवलेला, खिशात पाना आणि पेन्सिल.

"कशाची भीती वाटते का?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"कुत्र्यांची," मी म्हटलं. "गाई-म्हशींचीही थोडी. पालींची."

"माणसांची?"

"नाही."

"उलटं आहे तुझं," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. संध्याकाळी तोंड धुऊन समोर आल्या तेव्हा कळलं की बाई जेमतेम पन्नाशीची आहे.

नवरा गेला तेव्हा धाकट्या दिरानं, आबांनी, गिरणीवर माणूस ठेवायचं ठरवलं होतं. बाईमाणसाच्या हाती इंजिन कसं द्यायचं! अक्कांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवला आणि स्वतः इंजिन खोलून जोडायला शिकल्या. आबा शेजारीच राहत, मधे फक्त एक कंबरभर भिंत. भिंतीवरून रोज बोलणं व्हायचं आणि रोज भांडण व्हायचं. माणूस वाईट नव्हता. शाळा समितीवर होते, माझी चौकशी करायचे. पण भाऊ अचानक गेल्यापासून त्यांना सगळीकडे अपशकुन दिसायचे, आणि अक्कांना एकही दिसायचा नाही.

गावात लग्न निघालं की अक्का हळदीला जायच्याच. विधवेनं पुढं यायचं नाही, हे सुचवायला एखादी म्हातारी खाकरायची. अक्का तिला म्हणायच्या, "हळद कुठं दळली? माझ्या गिरणीत. माझ्या हातानं. दळायला चालते, मग लावायला काय होतं?" आणि नवरीच्या गालाला हळद लावून पुढच्या रांगेत बसायच्या. त्यांच्या शर्टालासुद्धा हळदीचा वास असायचा.

अशा बाईनं घोडी आणली यात खरं तर नवल नव्हतं. पण गावाला वाटलं. मलाही वाटलं.

सारंगखेड्याच्या यात्रेला त्या दरवर्षी जात. दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि घमेली, चाळण्या, दोरखंड असं सामान आणायचं. त्या वर्षी एका दुपारी दारात ट्रक थांबला आणि त्यातून आधी अक्का उतरल्या, मग फळी लावून एक घोडी. तांबूस काळपट रंग, मान उंच, एक पाय पांढरा, आणि बरगड्या मोजता याव्यात इतकी वाळलेली. उतरताना तिचे चारही पाय लटपटत होते. मी वरच्या खोलीच्या खिडकीतून बघत होते आणि खिडकीचं दार अर्धं लावून घेतलं होतं, जणू ती उडी मारून वर येणार होती.

आबा भिंतीशी आले.

"वहिनी, हाई काय शे?"

"घोडी शे."

"ते माले दिसस. कसाले?"

"बसाले," अक्का म्हणाल्या.

आबांनी घोडीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. घोडीच्या उजव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता, डोळ्यातून टिपूस ओघळावं तसा. जाणकार लोक त्याला आसूढाळ म्हणतात. असा भोवरा असलेली घोडी धन्याला रडवते, घरात मरण आणते, अशी समजूत. कुणी ती दारात बांधत नाही, नवरदेवाला तर तिच्यावर बसवतच नाही.

"आसूढाळ आहे ही! तुला कुणी सांगितलं नाही?"

"सगळ्यांनी सांगितलं. भर यात्रेत तिच्याभोवती मोकळी जागा होती. कुणी जवळ उभं राहायला तयार नाही. मला बरं पडलं, नीट बघता आली."

"धन्याला खाते अशी घोडी, वहिनी."

अक्का दावं सोडवत होत्या. त्या थांबल्या. "तुझा भाऊ गेला तेव्हा दारात कोणती घोडी होती?"

आबांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. ते आत निघून गेले आणि त्यांच्या घराचं आमच्या अंगणाकडचं दार बंद झालं.

घोडीला मात्र घर पसंत नव्हतं. तिनं आमच्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावलं नाही. आमचं पाणी मचूळ, आणि ती तापीकाठची. बादलीत नाक घालायची, फुरफुरून पाणी उडवायची आणि मान फिरवायची. अक्कांनी गूळ घालून पाहिला, मीठ घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन रिकामे तेलाचे डबे घेऊन त्या एसटीत बसल्या आणि घोडीच्या आधीच्या मालकाच्या गावाला गेल्या. संध्याकाळी डबे भरून परत. सोबत तिथल्या गवताची एक पेंढी आणि घोडीच्या पाठीवरचा जुना फाटका नमदा. कंडक्टरनं म्हणे विचारलं, "अक्का, पाणी कुठं घेऊन चालल्या? तुमच्या गावाला नाही का?" अक्कांनी सांगितलं, "पाहुणी आली आहे. तिला आमचं आवडत नाही."

तिचं पाणी जास्त आणि आमचं थोडं, मग निम्मं निम्मं, मग आमचं जास्त, असं करत करत त्यांनी तिला आमच्या विहिरीवर आणलं. नमदा तिच्यासमोर खुंटीला टांगून ठेवला. घोडी त्याला नाक लावून उभी राहायची. अक्का हलक्या आवाजात तिला सांगायच्या, "हाई तुनं घर शे. नको घाबरू." माझ्याशी त्या इतक्या मऊ आवाजात कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

यात्रेसाठी बंद ठेवलेली गिरणी मग त्यांनी सुरू केली.

गिरणी अंगणाच्याच एका कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. जुनं डिझेलचं इंजिन. हँडल मारलं की आधी दोनदा खोकायचं आणि मग त्याचं पुक्-पुक् अख्ख्या शिवारात ऐकू जायचं. पहिल्या पुक् ला घोडीनं कान मागे पाडले. दुसऱ्याला दावं तोडलं. तिसरं ऐकायला ती अंगणात नव्हतीच. कंबरभर भिंत ओलांडून आबांनी वाळत घातलेल्या मिरच्यांमध्ये उभी होती, थरथरत, शिंकत. आबांच्या सूनबाई ओरडत होत्या, आबा काठी शोधत होते.

अक्कांनी इंजिन बंद केलं. घोडीला हळूहळू बोलत परत आणलं. मग मला हाक मारली. "बाई, तुझं अक्षर चांगलं आहे. खडू आण."

गिरणीच्या दारावर मी त्यांनी सांगितलं तसं मोठ्या अक्षरात लिहिलं: घोडी रुळेपर्यंत गिरणी बंद.

सगळ्या गावाचं दळण अडलं. पहिले काही दिवस लोकांनी ती गंमत समजली. मग घरातलं पीठ संपत आलं तशी गंमत ओसरली. कुणी सायकलला डबा बांधून पुढच्या गावाला जाऊ लागलं, कुणी माळ्यावरची जाती खाली काढली. ज्यांच्या घरात जातं ओढायला बाई नव्हती त्यांनी अक्कांना शिव्या दिल्या, आणि जिला ते ओढावं लागलं तिनं अधिकच दिल्या. सर्वांत मोठ्यानं देणारी सुगराबी. तिच्या घरी कापूस पिंजायचा धंदा, दंड पुरुषासारखे, आवाज त्याहून मोठा. रोज सकाळी गव्हाचा डबा कंबरेवर घेऊन यायची, गिरणीचं दार बंद बघायची आणि फाटकातूनच सुरू करायची, "घोडी को रोटी खिला, हमको भूसा खिला! क्या बाई है!"

अक्का घोडीला खरारा करत आतून म्हणायच्या, "उद्या ये."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, हे बरोबर नाही. एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत गावात. त्यांनी काय करायचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता नाव विचारणार. पण त्यांनी नावं विचारली नाहीत, त्यांना ती माहीत होती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठले की खाली जात्याची घरघर ऐकू यायची. एकट्या राहणाऱ्या तीन-चार म्हाताऱ्यांचं दळण अक्का हातानं दळून घरपोच द्यायच्या. बाकी गाव त्यांच्या लेखी धडधाकट होतं.

आबा भिंतीशी आले. "बठ्ठा गाव बोंबली राहिना, वहिनी!"

"नाव सांग."

"आता नाव काय सांगू? मी म्हणतो!"

"मग असं म्हण ना, की तू म्हणतोस. गावाला कशाला मधे आणतोस?" अक्का म्हणाल्या. "माणूस नवीन घरी आला की त्याला आठ दिवस पाहुणा म्हणतो आपण. मी या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी मला दळायला बसवलं होतं. ते मला अजून आठवतं. हिला तसं आठवायला नको."

एवढं एकच वाक्य त्या स्वतःच्या सासरबद्दल माझ्यासमोर बोलल्या.

आणि नंतर ते झालं ज्याची आबा वाट बघत होते. मला, आबांना, सुगराबीला, सगळ्यांना अक्कांनी बजावलं होतं, की घोडीच्या मागून जायचं नाही, जायचंच तर आधी आवाज द्यायचा. त्या दिवशी वारा सुटला होता. शेडचा एक पत्रा निघायला आला होता आणि तो धरायला अक्का स्वतः घाईघाईनं घोडीच्या मागून गेल्या. पत्रा दाणकन आपटला. घोडीनं लाथ झाडली. सरपणाचं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि अक्का खाली बसल्या.

मी धावत आले. त्यांचा चेहरा पीठ नसतानाही पांढरा होता. पहिलं वाक्य त्या बोलल्या ते असं, "तिला कुणी मारायचं नाही." आणि त्यानंतर कळवळून "आई गं."

नडगीचं हाड मोडलं होतं. आबांनीच धावपळ करून कुणाची तरी जीप आणली, अक्कांना उचलून ठेवलं आणि धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. प्लॅस्टर होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. दवाखान्यानं अक्कांना ठेवून घेतलं, आबा परत आले. त्या रात्री गावभर एकच शब्द होता: आसूढाळ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी घोडीपुढं लांबूनच कडबा फेकत होते, तेवढ्यात आबा एका जनावरांच्या व्यापाऱ्याला घेऊन आले. व्यापाऱ्याच्या हातात नवं दावं होतं.

"बाई, बाजूला व्हा," आबा म्हणाले. आवाज चढा नव्हता. डोळे रात्रभर न झोपल्यासारखे होते. "माझा भाऊ गेला. आता वहिनी मोडून पडली. आणखी कशाची वाट बघू?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी आत गेले, लाकडी खुर्ची आणली, फाटकाच्या मधोमध टाकली आणि तिच्यावर बसले.

"अक्का आल्या की त्यांच्यासमोर न्या," मी म्हटलं.

"हे आमच्या घरचं आहे."

"हो. आणि मी अक्कांच्या घरची भाडेकरू आहे."

"बाई, मी शाळा समितीवर आहे."

"मला माहीत आहे, आबा."

आबा मला हात लावून उठवणार नव्हते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. पण भिंत ओलांडता येत होती, आणि व्यापारी भिंतीकडे निघाला. त्याच वेळी सुगराबी रोजच्या वेळेला डबा घेऊन आली. तिनं आबांकडे पाहिलं, नव्या दाव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीच्या कडेला गेली, डबा खाली ठेवला आणि डब्यावर बसली.

"सुगराबी, तू तर रोज शिव्या देतेस तिला!" आबा म्हणाले.

"देती. मुँह पे देती. वो घर में नहीं तब नहीं देती," सुगराबी म्हणाली. "बाई को आने दो, फिर देखेंगे."

आणखी दोघी-तिघी डबे घेऊन आल्या होत्या. त्यांनी काही बोलण्याआधीच सुगराबीनं त्यांना जागा दाखवल्या. व्यापाऱ्याला हा प्रकार नवा होता. त्यानं हसून भिंतीवरून नुसतीच मान पुढं काढली, घोडीला चुचकारलं. घोडीनं तोंड त्याच्याकडे वळवलं. त्याचं हसू गेलं.

"आबा," तो म्हणाला, "डोळ्याखालचं आधी सांगायचं होतं. हे जनावर मी कुणाच्या गळ्यात मारू?" आणि दावं खांद्यावर टाकून निघाला.

आमच्या बसण्यामुळे घोडी राहिली की त्या भोवऱ्यामुळे, ते मला आजही सांगता येणार नाही. अक्का बैलगाडीतून परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. प्लॅस्टरमधला पाय दुखत असतानाही त्या पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आबाला बोलाव."

आबा आले, भिंतीपलीकडेच उभे राहिले. मला वाटलं आता गाव गोळा होणार. अक्का म्हणाल्या, "दवाखान्यात दिवसभर बाकावर बसलास. जेवला नव्हतास, नर्सनं सांगितलं मला. ते मी विसरणार नाही." मग घोडीकडे बोट करून म्हणाल्या, "आणि व्यापारी आणलास तेही विसरणार नाही. घोडी आठेच राही, याच दारात."

बाज त्यांनी अंगणातच टाकायला लावली, घोडीच्या अगदी समोर. आता घोडीचं करायचं कुणी? त्या माझ्याकडे बघत होत्या.

"अक्का, मला भीती वाटते."

"तिलाही वाटते. दोघी सारख्याच. जा."

शाळेतून आले की माझी शाळा सुरू व्हायची. अक्का बाजेवरून ओरडायच्या. "डोळ्यात नको बघू, कान बघ! कान पुढं आहेत ना? मग चाल. हात मुठीत नको. बोलत राहा."

"काय बोलू?"

"तू शाळेत काय बोलतेस?"

मग मी घोडीला चौथीचा भूगोल शिकवला. तापी नदी कुठं उगम पावते, तिला कोणत्या नद्या मिळतात, ती कुठल्या समुद्राला जाते. खरारा मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून पोटावर न्यायचा आणि पांझरा, गिरणा, वाघूर अशी नावं घेत जायचं. "तापीचं तिला माहीत आहे," अक्का बाजेवरून म्हणायच्या, "दुसरं काहीतरी सांग." मी चुकले की शिव्या बसायच्या, आणि त्या मी वर्गात कधीच देऊ शकले नसते अशा असायच्या. शाबासकी एकदाही नाही. पण एक दिवस मी अंगणात आले आणि घोडीनं कडब्यातून मान वर काढून मला बघून हलकेच फुरफुर केलं. अक्का छताकडे, म्हणजे आकाशाकडे, बघत पडल्या होत्या. "ऐकलं," एवढंच म्हणाल्या.

इंजिनची सवय त्यांनी तिला चोरपावलांनी लावली. आधी घोडीचा तोबरा, भिजवलेल्या हरभऱ्यांची पिशवी, शेडपासून लांब बांधायचा. रोज थोडा थोडा जवळ. मग शेडच्या दाराशी. मग इंजिनाला खेटून. बंद इंजिनाच्या चाकाला नाक घासत घोडी हरभरे खायला लागली. मग चाक नुसतं हातानं फिरवायचं, पट्टा सरसर वाजू द्यायचा. कधी ती बिथरायची, आणि सगळं पुन्हा मागे न्यावं लागायचं. फाटकातल्या बायका आता शिव्या देण्यापेक्षा बघत जास्त उभ्या राहायच्या. "आज किती जवळ आली?" असं एकमेकींना विचारायच्या.

आणि एका सकाळी अक्का म्हणाल्या, "आज."

काठी बगलेत घेऊन त्या घोडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एका हातानं तिची आयाळ धरली. दावं मुद्दाम बांधलं नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, ती पुन्हा उधळली तर तुमचा दुसरा पाय..."

"दुसरा पाय माझाच आहे ना?"

हँडल मारायला ताकद लागते. सुगराबीनं पदर कंबरेला खोचला. गावातल्या निम्म्या बायका डबे घेऊन भिंतीच्या बाहेर उभ्या, आणि पलीकडे आबा, हातात काही नाही.

इंजिन खोकलं. घोडीच्या अंगावरून शहारा गेला, मानेपासून शेपटीपर्यंत. पुन्हा खोकलं. मग पुक्. पुक्. पुक्-पुक्-पुक्. घोडीनं मान इतकी उंच नेली की आयाळ धरलेल्या अक्का टाचेवरून उचलल्या गेल्या, काठी खाली पडली. पण त्यांनी हात सोडला नाही. तिच्या कानाशी काय बोलत होत्या ते इंजिनामुळे ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते. घोडीचे पुढचे खूर जमीन खरवडत होते. ती थरथरत होती, पण उभी होती. बघता बघता तिची मान हळूहळू खाली आली, तोबऱ्यात तोंड गेलं आणि तिनं हरभरे चावायला सुरुवात केली.

सुगराबी एवढ्या मोठ्यानं ओरडली की खरं तर त्यानंच घोडी उधळायची. "खा रही है! अरे, खा रही है!"

अक्कांनी दाराकडे बोट केलं. मी पदरानंच खडूची अक्षरं पुसली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पट्टा थांबला नाही. आबांच्या घरचा डबाही आला होता. अक्कांनी तो घेतला, पण रांगेच्या शेवटी ठेवला, आणि शेवटी दळला. पीठ मात्र बारीक, त्यांना आवडतं तसं.

पाय जुळला, थोडा वाकडाच. लंगडत चालणं कायमचं राहिलं. कुणी त्याबद्दल हळहळलं की म्हणायच्या, "चालतंय कोण?" कारण आता त्या घोडीवर बसायच्या. कासोटा घातलेलं लुगडं, वर खाकी शर्ट, डोक्यावर पदर. त्यांच्या वडिलांच्या घरी घोडा होता, भाऊ बसायचे, यांना लगामसुद्धा धरू दिला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं, तेही त्यांच्या माहेरच्या एका बाईकडून. पहिल्यांदा त्या गावातून निघाल्या तेव्हा पारावर पुरुष बसले होते. कुणी उठून उभं राहिलं नाही. पण जो तो पसरलेले पाय आवरून बसला.

माझी बदली झाली तेव्हा मी जळगावकडे जाणारी सकाळची गाडी धरायची ठरवली होती. सामान आबांच्या बैलगाडीत. अक्का घोडीवरून बरोबर आल्या. फाट्यावर पोचल्यावर चहावाल्यानं सांगितलं, की ती गाडी शिंदखेड्याहून भरूनच येते आणि इथं थांबत नाही. हात केला तरी नाही.

"थांबेल," अक्का म्हणाल्या.

लांबून लाल गाडी दिसली. अक्कांनी घोडी रस्त्यावर घेतली आणि मधोमध आडवी उभी केली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग हॉर्नवरून हात काढलाच नाही. मी ओरडले, आबा ओरडले, चहावाला किटली घेऊन पळत आला. गाडी करकचून थांबली, घोडीच्या पोटापासून हातभर अंतरावर. इंजिन धडधडत होतं, गरम वाफारा घोडीच्या अंगावर येत होता. घोडीनं शेपटीनं एक माशी उडवली.

"ओ बाई, मरायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला.

"माझी बाई चढतेय," अक्का म्हणाल्या. "सामान आहे. सावकाश चढू दे."

आबांनी ट्रंक टपावर चढवली. कंडक्टर कुरकुरत मला आत ओढत होता. मी दारातून मागे वळून "अक्का" म्हटलं. त्यांनी घोडीवरून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर सकाळच्या दळणाचं पीठ तसंच होतं.

"आत जाऊन बस," त्या म्हणाल्या. "खिडकीची जागा माग. नाही म्हणाले तरी माग."

मी आत गेले. गाडी गच्च भरली होती. खिडकीशी एक धोतरवाले गृहस्थ बसले होते. मी त्यांना म्हटलं, मला ती जागा हवी. ते माझ्याकडे बघत राहिले आणि सरकले. मी बसून बाहेर पाहिलं तेव्हा अक्का अजूनही रस्त्याच्या मधोमध होत्या. मी बसले हे त्यांनी नीट पाहिलं, आणि मगच घोडी बाजूला घेतली.